तहाने आणलेली रेल्वे: मुरगाव हार्बर स्थानकाचं प्रकरण

लोंढ्याकडून घाट उतरून कुळे, सावर्डे, मडगाव करत आलेली प्रवासी गाडी आज वास्कोला थांबते आणि तिथेच रिकामी होते. रूळ मात्र वास्कोत संपत नाहीत. डोंगराच्या कडेने ते पुढे बंदरापर्यंत जातात आणि त्यांवरून मालगाड्यांची ये-जा चालू असते. हे पुढचं टोक म्हणजे मुरगाव हार्बर. 1880च्या दशकात मुरगाव ते घाटमाथ्यावरचं कॅसल रॉक हा सुमारे 82 किलोमीटरचा मार्ग बांधला गेला तो या टोकासाठी. दाबोळी, कासावली, माजोर्डा, चांदर ही वाटेवरची गावं, मुक्काम हार्बरचा. आज मुक्कामाच्या स्थानकावर तिकीट काढून जाता येत नाही आणि वाटेवरचं वास्को शेवटचं स्थानक झालं आहे. हे कसं घडलं ते इथे सविस्तर मांडतो.

याची सोपी कारणं कुणीही सांगेल. वस्ती वास्कोत वाढली, बंदराच्या आवारात बाहेरच्यांना सहज सोडत नाहीत, मुंबईच्या प्रवासी बोटी संपल्या. तिन्ही खरी आहेत. पण ती शेवटच्या काही दशकांची आहेत. या स्थानकाचं नशीब त्याच्या आधीपासून, अगदी पहिली कुदळ मारण्याआधीपासून, दूरच्या माणसांच्या कागदावर ठरत आलं. मार्ग कुणाच्या गरजेसाठी बांधला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहिल्याशिवाय तो बंद का पडला हे नीट उमगत नाही, असं माझं मत आहे.

तीन बंदरं, एक रेल्वे

घाटमाथ्यावरचा धारवाड, हुबळी, बेळगाव हा पट्टा कापसाचा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांचं लक्ष या पट्ट्यावर गेलं. कापूस समुद्रापर्यंत आणायचा कसा, हा प्रश्न होता. उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून 1862 मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्यामागे कारवार बंदराचा विकास हे एक मोठं कारण होतं. कारवार ते हुबळी रेल्वेची चर्चा तेव्हापासूनची.

दुसरं बंदर आमच्या सिंधुदुर्गातलं, वेंगुर्ला. 1812 पासून ते इंग्रजांच्या ताब्यात होतं. त्याआधी डचांची वखार तिथे होती. बेळगावच्या छावणीचं सामान आणि पलटणी वेंगुर्ल्याला उतरत आणि आंबोलीच्या घाटाने वर जात. बैलगाड्यांची रांग, घाटात रात्रीचे मुक्काम, बंदरावर गोदामं, आडते, हमाल, असा मोठा संसार त्या रस्त्यावर उभा होता. वेंगुर्ल्याला रेल्वेची गरज होती आणि रेल्वे आली असती तर तिला माल तयार होता.

तिसरं मुरगाव. बंदर म्हणून ते या तिघांत सरस. जुवारीच्या मुखाशी खोल पाणी, दक्षिणेकडून डोंगराचा आडोसा, थोडा धक्का आणि लाटा अडवणारा बांध घातला की पावसाळ्यातही जहाज उभं राहू शकेल अशी जागा. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बहुतेक बंदरं बंद असत, त्यामुळे या गोष्टीचं महत्त्व फार होतं. अडचण एकच: बंदर पोर्तुगिजांचं.

म्हणजे इंग्रजांपुढे दोन वाटा होत्या. स्वतःच्या हद्दीतलं बंदर पैसा ओतून सुधारायचं, किंवा चांगलं बंदर ज्याच्याकडे आहे त्याच्याशी करार करायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. कारवारची रेल्वे मागे पडली ती कायमची. हुबळी ते अंकोला मार्गाचा वाद आजही जंगल आणि पर्यावरणाच्या प्रश्नात अडकलेला आहे. वेंगुर्ल्याचा विचारही मागे राहिला. मुरगावची गाडी सुरू झाल्यावर बेळगावचा माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याच्या बंदराला उतरती कळा लागली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला स्वतःची रेल्वे मिळायला 1990चं दशक उजाडावं लागलं.

मिठाची किंमत

लिस्बनमध्ये 26 डिसेंबर 1878 रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी तह केला. 1880 मध्ये तो अमलात आला, मुदत 12 वर्षांची. रेल्वेच्या इतिहासात या तहाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला तो उरकावासा वाटत नाही, कारण रेल्वेचं खरं बिल तिथे फाटलं आहे.

तहाने गोवा आणि इंग्रजी मुलूख यांच्यातली जकातीची भिंत पाडली. दोन्हीकडे एकच जकात, माल मोकळा. त्याच्या बदल्यात गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. इंग्रजी हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचं स्वस्त मीठ घाटावर चोरून जाऊ नये, ही त्यांची मुख्य काळजी. मक्ता हाती येताच मिठागरांवर नियंत्रण आलं, काही आगरं बंद पडली, मीठ किती पिकवायचं आणि कुणाला विकायचं हे सरकार ठरवू लागलं. मिठाचा भाव चढला. शेकडो वर्षं बैलांच्या तांड्यावरून घाट चढणारं मीठ थांबलं. अबकारीचीही तीच गत. माडाच्या रसावर आणि दारूवर इंग्रजी पद्धतीचा कर आला आणि माडावर चढणाऱ्या माणसाच्या पोटावर त्याचा भार पडला.

या सगळ्याचा मोबदला म्हणून इंग्रज सरकार पोर्तुगिजांना वर्षाला 4 लाख रुपये देणार होतं. तो पैसा आगरवाल्यांच्या किंवा माडवाल्यांच्या घरी गेला नाही. रेल्वे आणि बंदर बांधायला लंडनमध्ये कंपनी उभी राहिली होती, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे, स्थापना 1881. नावातच हमी आहे. भागधारकांना ठरावीक व्याज मिळेल, गाडी तोट्यात चालली तरी मिळेल, अशी हमी पोर्तुगाल सरकारने दिली होती आणि तहाचे ते पैसे त्या हमीला जुंपले गेले. आगर बुडालं गोव्याचं, व्याज गेलं लंडनला. खारेपाटात वाढलेल्या कुणालाही मिठागर म्हणजे काय हे सांगायला नको. भरतीचं पाणी कधी घ्यायचं, कोंडी कधी बांधायची, मीठ कधी ओढायचं, हे ज्ञान आगरात काम करूनच मिळतं. दहा-बारा वर्षं आगर ओस पडलं की बांध फुटतात आणि माणसं दुसरीकडे निघून जातात. गोव्यातून मुंबई-पुण्याकडे पोटासाठी जाणाऱ्यांची संख्या या काळात वाढली, आणि त्यातले कित्येक याच रेल्वेने गेले.

बांधकाम आणि घाट

मुरगावकडून कामाला सुरुवात झाली. 1887 मध्ये सावर्ड्यापर्यंतचा सपाट भाग खुला झाला आणि 1888 मध्ये घाट चढून कॅसल रॉकपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. तिथून पुढे सदर्न मराठा रेल्वे. ती मूळची 1876 ते 1878च्या दुष्काळानंतर आखलेली, धान्य हलवता यावं म्हणून. दोन्ही मीटरगेज, म्हणजे एक मीटर अंतराचे अरुंद रूळ, त्यामुळे डबे न बदलता मुरगावहून लोंढा, बेळगाव, मिरज आणि पुण्यापर्यंत जाता येई. मुंबईला जायचं तर पुण्यात गाडी बदलून रुंद रुळांची ब्रॉडगेज धरायची.

कुळे ते कॅसल रॉक हा साधारण 26 किलोमीटरचा घाट या मार्गाचा जीव की प्राण आणि कायमची डोकेदुखी. 37 फुटांना एक फूट असा चढ, एकामागून एक बोगदे, वळणावर वळणं. दूधसागराच्या धबधब्यासमोरून पूल गेला आहे. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून आत तुषार येतात. पर्यटक याच एका दृश्यासाठी येतात. गाडी चालवणाऱ्यांना मात्र तो घाट वेगळा दिसतो: चढताना मागून ढकलायला जास्तीची इंजिनं, उतरताना ब्रेकवर सगळं लक्ष, पावसात दरड. एवढ्या चढामुळे एका गाडीला किती वजन लावायचं यावर कायमची मर्यादा पडली. बंदर कितीही चांगलं असलं तरी त्याच्याकडे येणारी नळी अरुंद होती. हा दोष बांधणाऱ्यांना माहीत नव्हता असं नाही, पण सह्याद्रीत त्यांच्यापुढे फार पर्याय नव्हते.

आणि मग या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तारीख येते. 1892 मध्ये तहाची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला गेला नाही. मार्ग पूर्ण झाला 1888 ला. म्हणजे ज्या मोकळ्या व्यापाराच्या भरवशावर रेल्वे बांधली, तो व्यापार रेल्वेला जेमतेम चार वर्षं मिळाला. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. कुळ्याला पोर्तुगिजांचं नाकं, कॅसल रॉकला इंग्रजांचं. प्रवाशांनी गाठोडी सोडायची, पेट्या उघडायच्या, मालाच्या पावत्या दाखवायच्या, आणि मग घाट. मिठाची आगरं मात्र तह संपला म्हणून पूर्ववत झाली नाहीत.

कंपनीला स्वतःच्या जिवावर मार्ग चालवणं जड गेलं आणि 1902 मध्ये कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे आला. मालकी पोर्तुगिजांच्या हमीची, चालवणारे इंग्रजी मुलखातले, गिऱ्हाईक घाटमाथ्यावरचं. तिन्ही जण तीन ठिकाणी.

हार्बरचे चांगले दिवस

ते दिवस होते, हे सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बल्लारी-होस्पेटकडचं मँगनीज या मार्गाने मुरगावला उतरायचं आणि जहाजात भरलं जायचं. हार्बरच्या फलाटावर घाटावरून आलेला माणूस उतरायचा आणि बोट धरायचा. मुंबईच्या बोटी, युरोपकडची जहाजं, गाडीच्या वेळेशी जुळवलेल्या त्यांच्या वेळा. अशा स्थानकाचा गजबजाट गावाच्या बाजारासारखा रोजचा नसतो, तो जहाजावर अवलंबून. जहाज नसलेल्या दिवशी फलाट सुना.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, त्यामुळे मुरगावला विलक्षण महत्त्व आलं. जर्मन जहाजं इथे आसऱ्याला येऊन अडकून पडली होती. मार्च 1943 मध्ये त्यातल्या एरेनफेल्स जहाजावर इंग्रजांच्या बाजूने छुपा हल्ला झाला आणि ते बंदरातच बुडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांचे अडकलेले नागरिक इथे अदलाबदल केले, तेया मारू आणि ग्रिप्सहोम या जहाजांवरून. कोकणच्या एका टोकावर जगाचं युद्ध असं येऊन टेकलं होतं. रेल्वेच्या दृष्टीने यातून टिकाऊ असं काही निघालं नाही.

1955

भारत स्वतंत्र झाला आणि कॅसल रॉक-कुळ्याच्या मधली सीमा आता भारत आणि पोर्तुगाल यांच्यातली झाली. गाडी चालू होती. घाट चढला की स्वतंत्र देश, उतरला की पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट. मुंबईत कामाला असलेले गोमंतकीय गणपतीला आणि नाताळला याच गाडीने घरी येत. सीमेवरची झडती दिवसेंदिवस कडक होत गेली.

1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. 1955 मध्ये गोव्यासाठी सत्याग्रहाच्या तुकड्या निघाल्या. सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्यासारखी माणसं त्यात पुढे होती. 15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले. बांद्याजवळच्या पत्रादेवीला गोळीबार झाला, पंजाबातून आलेला करनैल सिंग तिथेच पडला. एक तुकडी कॅसल रॉककडून रुळांवरून, बोगद्यातून चालत आत गेली. तिच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवी आमच्या भागातलं नाव आहे. सावंतवाडी-बांद्याकडच्या घरांमध्ये त्या दिवसाबद्दल अजून बोललं जातं.

त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडलं. रेल्वे बंद. व्यापार बंद. मनिऑर्डरीचा ओघ आटला. सीमा ओलांडायला परवाना. घाटावरचं मँगनीज, भुईमूग, कापूस यांना मुरगावची वाट उरली नाही.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण एखादा मार्ग अचानक तोडला तर त्याच्या दोन्ही टोकांना काय होतं, याचा इतका स्वच्छ नमुना सहसा मिळत नाही.

बंदर मेलं नाही. उलट वाढलं. गोव्यातल्या लोहखनिजाला जपानचं गिऱ्हाईक मिळालं होतं. खाणी नद्यांच्या जवळ. मांडवी आणि जुवारीतून बार्ज भरून खनिज थेट मुरगावला येऊ लागलं, त्याला घाटातल्या रेल्वेची गरजच नव्हती. 1950च्या दशकाच्या अखेरीस बंदरात खनिज भरण्याची यांत्रिक सोय झाली आणि दरवर्षी लाखो टन बाहेर जाऊ लागले. परदेशी पैसा आला. त्या पैशावर हॉलंडचे बटाटे, पोर्तुगालची दारू, पाकिस्तानातून तांदूळ, जपानचं सिमेंट असा माल गोव्यात उतरू लागला. पोर्तुगिजांनी दाबोळीला विमानतळ बांधला आणि 1955 पासून स्वतःची विमानसेवा सुरू केली. आज कोट्यवधी पर्यटकांनी वापरलेला दाबोळीचा विमानतळ ही एका अर्थी या बंद रेल्वेची निपज आहे. त्याच्या शेजारून जाणाऱ्या रुळांवर दाबोळीचं छोटं स्थानक तेव्हाही होतं, आजही आहे.

मग नुकसान झालं कुणाचं? माझ्या मते माणसांचं, आणि त्यातही साध्या माणसांचं. मुंबईत गोदीत, आगबोटींवर, घरकामाला असलेल्या गोमंतकीयांना घर गाठणं कठीण झालं. सासर इकडे आणि माहेर तिकडे असलेल्या सीमेवरच्या बायकांना चार कोसांवरचं गाव परदेश झालं. कॅसल रॉक हे गाव तर रेल्वेवरच जगत होतं. जकातीची कचेरी, इंजिनांची सोय, गाडीचे थांबे यावर त्याचा चरितार्थ. नाकेबंदीमागचं राजकीय कारण न्याय्य होतं, यात मला शंका नाही. तरीही नाकेबंदीने पोर्तुगीज सत्ता उपाशी मेली नाही आणि प्रवासी मात्र अडकले, ही नोंद व्हायला हवी. माल दुसरी वाट शोधतो, ती त्याला सापडतेही. गरीब माणसाला गाडीऐवजी दुसरं काही सापडत नाही.

18 आणि 19 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. 1962 मध्ये घाटातून पुन्हा गाड्या सुरू झाल्या आणि कुळ्याचं नाकं इतिहासजमा झालं. सहा-सात वर्षांनी तीच गाडी, तोच घाट, पण आता पेटी उघडून दाखवायची नाही.

हार्बर मागे पडतं

मुक्तीनंतर मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. मार्ग आधी दक्षिण रेल्वेकडे, 1966 पासून दक्षिण मध्य रेल्वेकडे, 2003 पासून दक्षिण पश्चिम रेल्वेकडे. प्रवाशांसाठी खरी सोय मिरजेची. 1971 मध्ये मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, मुंबईहून मिरजेपर्यंत मोठी गाडी आणि तिथून मीटरगेजच्या गोमंतक एक्सप्रेसने वास्को. त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांनी गोवा असाच पाहिला: मिरजेला पहाटे धावतपळत गाडी बदलायची, लहान डबे, लोंढ्याला चहा, मग घाट.

या गाड्यांचं टोक वास्को झालं. हार्बरला जायचं कारण जहाज, आणि मुंबईच्या प्रवाशाने जहाज सोडून एसटी आणि रेल्वे धरली होती. बंदरात खनिजाचे ढीग आणि मालाची यार्डं वाढत गेली. जिथे प्रवासी, पेट्या आणि हमाल यांच्यासाठी जागा होती तिथे वॅगनना जागा लागली. यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. बंदराने आपलं काम निवडलं आणि त्या कामात प्रवासी बसत नव्हता, इतकंच.

1990च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. 1998 मध्ये रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि गोव्याचं रेल्वेचं नाक मडगाव झालं. किनाऱ्याला समांतर धावणारी गाडी आली तशी घाटातून उतरणारी जुनी गाडी शाखेसारखी दिसू लागली. वास्कोसुद्धा आता एका फाट्याचं टोक आहे आणि हार्बर त्याच्याही पलीकडे.

कोकण रेल्वेची तुलना इथे टाळता येत नाही. ती मागितली गेली होती. नाथ पै, मधू दंडवते यांच्यासारख्या खासदारांनी ती लोकसभेत लावून धरली, केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवल घातलं. गोव्यात मार्ग कुठून जावा यावरून मोठं आंदोलन झालं, कोकणात जमिनी गेल्याच्या तक्रारी आजही आहेत. पण कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण इथे गाडी थांबते ती तिथल्या माणसांना चढता-उतरता यावं म्हणून. थांबा रद्द झाला तर लोक फलाटावर जमतात, पत्रं लिहितात, खासदाराला धरतात. मुरगाव हार्बरच्या प्रवासी गाड्यांसाठी असं धरून बसणारं कुणी उरलं नव्हतं, कारण त्या फलाटावर उतरणारा माणूस मुळात तिथला नव्हताच.

कोळसा

हार्बरच्या टोकाला आता कोळसा उतरतो. परदेशातून जहाजाने येतो आणि घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. 1880च्या दशकात कापूस खाली यायचा, आता कोळसा वर जातो. दोन्ही वेळा गोवा मधली वाट. वास्कोतल्या लोकांच्या घरांवर, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे.

मार्ग दुपदरी करायचं ठरलं तेव्हा ‘गोंयांत कोळसो नाका’, म्हणजे गोव्यात कोळसा नको, म्हणणाऱ्या चळवळीने त्याला विरोध केला. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदरला रात्रीच्या वेळी हजारो माणसं रुळांपाशी जमली आणि बसून राहिली. त्यात मासेमार होते, शेतकरी होते, कॉलेजची मुलं होती, वयस्क बायका होत्या. चांदर, कासावली, माजोर्डा या गावांमधली जुनी घरं रुळांना अगदी खेटून आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं गाडी त्यांच्या अंगणाशेजारून गेली आणि त्यांनी ती सोसली, वापरलीही. दुसरा रूळ आपल्या गाडीसाठी नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. घाटातल्या तिनईघाट-कॅसल रॉक-कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं जंगल त्या टप्प्यात येतं.

विकासाला आंधळा विरोध असं या आंदोलनाबद्दल लिहिलेलं मी वाचलं आहे. 1878 चा तह समोर ठेवून पाहिलं तर ते तसं वाटत नाही. तेव्हा आगरवाल्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याला विचारायला भाग पाडण्याची ताकदही त्याच्याकडे नव्हती. 2020 मध्ये लोक रुळांवर येऊन बसले, एवढाच फरक पडला आहे, आणि तो मोठा आहे.

आपल्याकडच्या मार्गांसाठी

हे प्रकरण मी सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी लिहितो आहे त्याला कारण आहे. वैभववाडी ते कोल्हापूर आणि चिपळूण ते कराड या घाटमार्गांच्या घोषणा झालेल्या आहेत, मार्ग अजून झालेले नाहीत. त्यांच्या बाजूने बोलताना बंदरं घाटमाथ्याला जोडली जातील, हा मुद्दा पुढे केला जातो. मला हे मार्ग हवे आहेत. कोल्हापूरच्या दवाखान्यात माणूस नेताना गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट रात्री पावसात ओलांडलेला कुणीही ते हवेच आहेत म्हणेल. पण मागणी करताना आपण मालाच्या टनांचं गणित सरकारवर सोडावं आणि आपल्या गाडीचं वेळापत्रक आधी मागावं. सकाळी कोल्हापूरला पोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी पॅसेंजर आराखड्यातच असेल का? घाटपायथ्याच्या गावांना थांबे कुठे? फलाटाची लांबी किती? आंबा-काजूच्या हंगामात पार्सलचा डबा लागेल का? दुपदरीकरण झालं तर घरांपासून किती अंतर राहील?

मुरगाव हार्बरच्या वेळी हे प्रश्न विचारायला तिथल्या कुणाला जागाच नव्हती. कराराच्या खोलीत इंग्रज होते, पोर्तुगीज होते, लंडनचे भागधारक होते. वैभववाडीच्या सर्वेक्षणाचे कागद तालुक्याला कधी येतात, त्यावर हरकती किती दिवसांत घ्यायच्या, ग्रामसभेत ते वाचून कोण दाखवणार, हे आतापासून ठरवून ठेवण्याचं काम आपल्या गावांमधल्या शिक्षकांनी आणि निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी अंगावर घ्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे. जुने आराखडे वाचता येणारी माणसं आपल्यात आहेत.